बिननावाच्या चिठ्ठीपासून नावानिशी नोंदीपर्यंत

जुगाराचा इतिहास सांगताना बहुधा दोन गोष्टी सांगितल्या जातात. एक म्हणजे जुगाराने घरे कशी बुडाली, आणि दुसरी म्हणजे सरकारने तो रोखण्यासाठी कोणते कायदे केले. या लेखात आम्ही तिसऱ्याच बाजूने त्याकडे पाहणार आहोत. जुगार चालवणाऱ्याला जुगार खेळणाऱ्याविषयी काय ठाऊक असते? ते तो कोठे लिहून ठेवतो? आणि लिहिलेले पुढे कोणाच्या हातात जाते?

प्रश्न वरवर किरकोळ वाटेल. पण नांदेड आणि लातूर या आपल्या दोन जिल्ह्यांपुरता जरी त्याचा माग काढला, तरी गेल्या साठ वर्षांत माहितीच्या तंत्रात केवढा बदल झाला हे स्पष्ट दिसते. शिवाय हा बदल आज आपल्या वर्गातल्या मुलांच्या खिशात येऊन पोहोचला आहे. म्हणून तो शिक्षकांनी समजून घ्यावा असे आम्हांला वाटते.

कापसाचा भाव आणि मातीचे मडके

मुंबईत स्वातंत्र्यानंतरच्या काळात ‘आकड्या’चा जुगार चालत असे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात भाव काय उघडला आणि काय बंद झाला, हे टेलिप्रिंटरवरून मुंबईच्या कापूस बाजारात कळे. त्या भावातल्या अंकांवर लोक पैसे लावत. १९६०च्या दशकाच्या आरंभी हे भाव येणे थांबले. मग आकडा आणायचा कोठून? १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी स्वतंत्रपणे त्यावर तोड काढली. मडक्यातून चिठ्ठ्या काढायच्या, पुढे पुढे पत्त्यांतून तीन पाने काढायची. मडक्यावरून खेळाला ‘मटका’ हे नाव पडले. मडके गेले, नाव राहिले.

खेळाचे गणित सोपे होते. समजा ३, ५ आणि ८ ही पाने निघाली. त्यांची बेरीज १६. तिचा शेवटचा अंक ६. हा झाला ‘ओपन’. काही तासांनी पुन्हा तीन पाने काढून ‘क्लोज’ ठरे. दोन्ही मिळून ‘जोडी’. एका अंकावर लावणाऱ्याला जिंकण्याची संधी दहात एक. पण पैसे साधारण नऊपट मिळत. जोडीची संधी शंभरात एक, आणि पैसे साधारण नव्वदपट. म्हणजे लावलेल्या प्रत्येक शंभर रुपयांतले सरासरी दहा रुपये चालवणाऱ्याकडेच राहत.

मुंबईत निघालेला आकडा टेलिफोनवरून राज्यभर जाई. मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावीही पानटपरीच्या आडोशाला आकडा लावणारे आणि घेणारे दिसू लागले. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती तिथे लिहिली जाणारी चिठ्ठी. त्या कागदाच्या कपट्यावर काय असे? आकडा, लावलेली रक्कम, आणि फार तर घेणाऱ्याची एखादी खूण. खेळणाऱ्याचे नाव नसे, पत्ता नसे, वय नसे. कोण किती हरला हे घेणाऱ्याच्या डोक्यात असे. संध्याकाळी हिशेब मिटला की चिठ्ठी फाडली जाई.

नाव का लिहीत नसत?

ही काही खेळणाऱ्याच्या खासगीपणाबद्दलची आस्था नव्हती. कारण कायद्यात होते. मुंबई सरकारने १८८७ मध्ये जुगार प्रतिबंधक कायदा केला. आज तो महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायदा म्हणून ओळखला जातो. या कायद्यात ‘जुगाराची साधने’ या शब्दांची व्याख्या मोठी व्यापक आहे. पत्ते, फासे तर त्यात येतातच. पण जुगाराची नोंद किंवा पुरावा म्हणून वापरला जाणारा कोणताही कागद हेही जुगाराचे साधनच मानलेले आहे. पोलिसांनी मटक्यावर छापा घातल्याच्या बातमीत ‘मटक्याचे साहित्य आणि रोख रक्कम जप्त’ असे वाक्य आपण नेहमी वाचतो. या ‘साहित्या’त मुख्यतः चिठ्ठ्या आणि पेन असते, ते यामुळेच.

म्हणजे नोंद ही चालवणाऱ्याच्या दृष्टीने धोक्याची वस्तू होती. जितके कमी लिहावे तितके बरे. या व्यवस्थेत खेळणारा आपोआप अनामिक राहिला. मात्र अनामिकतेला दुसरी बाजूही होती. जिंकलेले पैसे देण्याचे नाकारले तर दाद मागायला हातात काही नसे. एखादा हमाल महिन्याला मजुरीतला किती भाग घालवतो हे त्याच्या घरच्यांना कळत नसे, आणि त्याचे त्यालाही नीटसे कळत नसे.

सरकारी लॉटरीची रीत थोडी वेगळी. महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ मध्ये सुरू झाली. तिच्या तिकिटावर क्रमांक असे, पण विकत घेताना नाव विचारले जात नसे. नाव सांगण्याची वेळ येई ती मोठे बक्षीस लागल्यावर. हरणाऱ्या लाखो लोकांची नोंद कोठेच होत नसे. जिंकणाऱ्याची नोंद आणि हरणाऱ्याचा विसर, असा तो जमाना होता.

निजामाचा कायदा आणि रमीचा निकाल

आता आपल्या भागाच्या इतिहासाकडे वळू. १८८७चा मुंबईचा कायदा झाला तेव्हा नांदेड, लातूर, उदगीर हा सगळा मुलूख मुंबई इलाख्यात नव्हता. तो निजामाच्या हैदराबाद राज्यात होता. तिथे वेगळा कायदा होता. फसली सन १३०५ मधला, म्हणजे इसवी सन १८९५-९६ च्या सुमाराचा, हैदराबाद जुगार कायदा.

हा विसरला गेलेला कायदा पुढे एका निमित्ताने फार गाजला. सिकंदराबादच्या एका क्लबात पैसे लावून रमी खेळली जाते म्हणून याच कायद्याखाली खटला झाला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २२ नोव्हेंबर १९६७ रोजी निकाल लागला. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे, की रमी हा तीन पत्तीसारखा निव्वळ नशिबाचा खेळ नाही. कोणती पाने पडली हे लक्षात ठेवावे लागते, कोणते धरावे व कोणते टाकावे हे ठरवावे लागते. म्हणून तो प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे. त्याच वेळी, खेळाच्या आडून जागेचा मालक नफा कमावत असेल तर गोष्ट वेगळी, असेही न्यायालयाने बजावले होते.

पुढे चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी मोबाइलवर पैशांची रमी खेळवणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांनी आधार घेतला तो याच निकालाचा. खेळणाऱ्याने पडलेली पाने लक्षात ठेवणे हे न्यायालयाच्या मते कौशल्य होते. मोबाइलच्या रमीत पडलेले प्रत्येक पान लक्षात ठेवणारी आणखी एक स्मृती आली, ती म्हणजे कंपनीचा संगणक. तो एका डावातली तेरा पाने लक्षात ठेवून थांबत नाही. प्रत्येक खेळाडूचा प्रत्येक डाव त्याच्यापाशी साठतो.

नोंदीला किंमत आली

नोंद ही धोक्याची वस्तू होती, ती मोलाची कशी झाली? याचा एक ठळक टप्पा अमेरिकेत सापडतो. तिथल्या काही राज्यांत जुगारघरे कायदेशीर आहेत. १९९७ मध्ये हॅराज या जुगारघरांच्या कंपनीने आपल्या सर्व जुगारघरांत चालणारे एक कार्ड काढले. विमान कंपन्या नेहमीच्या प्रवाशांना सवलतीचे गुण देतात, त्याच धर्तीचे हे कार्ड होते. खेळणाऱ्याने ते यंत्रात घालायचे आणि मग खेळायचे. त्याला जेवणाची किंवा मुक्कामाची सवलत मिळे. कंपनीला काय मिळे? कोण, किती वाजता, कोणत्या यंत्रावर, किती वेळ, किती पैसे लावून बसला याचा बिनचूक हिशेब. कोणाला परत बोलवायचे आणि त्यासाठी कोणते आमिष पुरेल, हे त्यावरून ठरवता येऊ लागले.

इथे इतिहासाचा काटा फिरला असे म्हणता येईल. मटकेवाला नोंद नष्ट करून सुरक्षित राहत होता. आता नोंद जपणारा श्रीमंत होऊ लागला.

मोबाइलने कार्डाचीही गरज संपवली. फोन हेच कार्ड झाले. अ‍ॅप उघडल्याची वेळ, डाव किती मिनिटे चालला, हरल्यावर किती सेकंदांनी पुन्हा पैसे भरले, पगाराच्या तारखेनंतर रक्कम वाढते का, रात्री बारानंतर खेळतो का, हे सर्व सहज टिपता येते. एक हिशेब करून पाहू. समजा एखादा माणूस रोज वीस डाव खेळतो आणि प्रत्येक डावात तीस वेळा पडद्याला बोट लावतो. दिवसाच्या सहाशे नोंदी झाल्या. वर्षाच्या २,१९,०००. मटक्याच्या एका कपट्याच्या जागी वर्षाला दोन लाखांवर नोंदी, आणि त्याही नावानिशी.

१९५६ची रेघ फोनमध्ये

नाव आले ते प्रामुख्याने करामुळे. १ एप्रिल २०२३ पासून ऑनलाइन खेळांतल्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कर कंपनीनेच कापून सरकारकडे भरायचा, असा नियम झाला. कर कापायचा म्हणजे पॅन क्रमांक हवा. पैसे परत द्यायचे म्हणजे बँक खाते हवे. वय अठरा पूर्ण आहे की नाही हे ठरवायला जन्मतारखेचा दाखला हवा. अशा रीतीने पॅन, आधार, बँक खाते, जन्मतारीख आणि फोन क्रमांक एका ठिकाणी गोळा झाले.

पण आणखी एक माहिती लागे, ती म्हणजे खेळणारा आत्ता कोठे उभा आहे. याचे कारण समजायला आपल्याला पुन्हा इतिहासात जावे लागेल. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचनेत हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात आला. तेलंगण आंध्र प्रदेशात गेले. बीदर, गुलबर्गा, रायचूर हा भाग म्हैसूर राज्यात गेला. नांदेड जिल्ह्यातल्या देगलूर तालुक्याची बिचकुंदा व जुक्कल ही मंडळे, तसेच मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा व कुबेर ही मंडळे आंध्रकडे गेली. उलट बीदर जिल्ह्यातले अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके आपल्याकडे आले. पुढे १९८२ मध्ये लातूर जिल्हा झाला तेव्हा ते त्यात सामील झाले.

जुगार हा विषय राज्यघटनेने राज्यांकडे सोपवला आहे. तेलंगण सरकारने २०१७ मध्ये आपल्या जुगार कायद्यात दुरुस्ती करून पैशांच्या ऑनलाइन रमीवरही बंदी घातली. कर्नाटकाने ऑक्टोबर २०२१ मध्ये तशीच बंदी आणली. १४ फेब्रुवारी २०२२ रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाने तिच्यातल्या मुख्य तरतुदी रद्द केल्या. महाराष्ट्रात तशी दुरुस्ती झाली नव्हती. परिणाम असा झाला, की धर्माबादेत पैशांची रमी खेळू देणाऱ्या अ‍ॅपला आगगाडी बासरला पोहोचताच खेळ थांबवणे भाग होते. बिलोलीत चालणारा खेळ मांजरेपलीकडे बोधनला चालू द्यायचा नव्हता. कर्नाटकातली बंदी चालू होती त्या चार महिन्यांत उदगीर आणि बीदर यांच्यातही हेच अंतर होते.

हे पाळायचे तर कंपनीला खेळणाऱ्याचा ठावठिकाणा सतत विचारावा लागतो. फोन तो तीन रीतींनी सांगू शकतो. उपग्रहांच्या संकेतांवरून काही मीटरपर्यंत. जवळपासच्या वाय-फाय यंत्रांच्या यादीवरून. किंवा कोणत्या मनोऱ्याशी फोन जोडलेला आहे त्यावरून. तिसरी रीत सर्वांत ढोबळ. सीमेवरच्या गावात पलीकडच्या मनोऱ्याचे संकेत अधिक जोरदार असू शकतात. म्हणून अचूकतेसाठी पहिली रीत वापरावी लागते, आणि त्यासाठी अ‍ॅप फोनमधल्या ‘लोकेशन’ची परवानगी मागते.

कायदा पाळण्यासाठी घेतलेली ही माहिती असते. पण घेतल्यानंतर ती माणसाच्या येण्याजाण्याचा नकाशाही बनते. १९५६ मध्ये भाषेच्या आधारावर आखलेली रेघ अशी साठ वर्षांनी खेळणाऱ्याच्या खिशात जाऊन बसली.

माणूस किती माहितीत सापडतो?

‘आम्ही तुमचे नाव कोणाला सांगत नाही’ असे अनेक संकेतस्थळे म्हणतात. नाव न सांगता माणूस ओळखता येतो का? याचे उत्तर शाळेतल्या गणितातून मिळते.

२०११च्या जनगणनेनुसार नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या ३३,६१,२९२ आणि लातूरची २४,५४,१९६ होती. समजा आपण असे प्रश्न विचारले की ज्यांची उत्तरे ‘हो’ किंवा ‘नाही’ असतील आणि प्रत्येक प्रश्नाने उरलेली माणसे निम्मी होतील. किती प्रश्नांत एकच माणूस उरेल? दोनचा एकविसावा घात २०,९७,१५२ आहे, बाविसावा ४१,९४,३०४. म्हणजे दोन्ही जिल्ह्यांसाठी नेमके निवडलेले बावीस प्रश्न पुरेत.

प्रत्यक्षात इतके प्रश्नही लागत नाहीत. ऐंशी वर्षांतल्या जन्मतारखा सुमारे २९,२००. स्त्री की पुरुष हे धरले तर ५८,४०० कप्पे झाले. नांदेड जिल्ह्यातली सगळी माणसे त्यांत सारखी वाटली तर एका कप्प्यात सरासरी ५७-५८ जण येतील. आता गावाचे नाव जोडा. गाव दोन हजार वस्तीचे असेल तर दोन हजार माणसे आणि ५८,४०० कप्पे! बहुतेक माणसे आपापल्या कप्प्यात एकटीच सापडतील. जन्मतारीख, लिंग आणि गाव, एवढे कळले की नाव लपवून फारसे काही साधत नाही. अमेरिकेत लटानिया स्वीनी या संशोधिकेने तिथल्या १९९०च्या जनगणनेचे आकडे वापरून हेच दाखवले होते. पिनकोडसारखा विभागक्रमांक, जन्मतारीख आणि लिंग यांवरून सुमारे ८७ टक्के लोक एकमेव ठरण्याजोगे होते.

नोंद कोण वाचतो?

गोळा झालेली नोंद तीन प्रकारच्या हातांत जाऊ शकते.

पहिला हात जाहिरातदारांचा. ब्रिटनमध्ये ऑनलाइन जुगार परवान्याने चालतो. तिथल्या माहिती आयुक्तांच्या कार्यालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये स्काय बेटिंग अँड गेमिंग या कंपनीला ताकीद दिली. १० जानेवारी ते ३ मार्च २०२३ या काळात या कंपनीचे संकेतस्थळ उघडताच, भेट देणाऱ्याने संमती देण्यापूर्वीच, त्याची माहिती जाहिरात कंपन्यांकडे जात होती. हे काम ‘कुकी’ नावाच्या छोट्या नोंदी करतात. संकेतस्थळ त्या आपल्या फोनमध्ये ठेवते आणि पुढच्या वेळी त्यांवरून आपल्याला ओळखते. संमती विचारण्याची चौकट पडद्यावर यायच्या आत हे झालेले होते, म्हणून ते बेकायदा ठरले.

दुसरा हात चोराचा. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सीझर्स या जुगारघरांच्या कंपनीने जाहीर केले, की सवलत-कार्डाच्या सभासदांची यादी चोरांनी उतरवून घेतली आहे. तिच्यात अनेकांचे वाहन परवाना क्रमांक आणि सामाजिक सुरक्षा क्रमांक होते. वर सांगितलेली हॅराज कंपनी पुढे हेच नाव घेऊन चालली. मोलाची वस्तू एका जागी साठवली की ती चोरण्याजोगीही होते.

तिसरा हात बेकायदा अड्डेवाल्याचा, आणि आपल्या दृष्टीने तोच सर्वांत काळजीचा. महादेव बुक या अ‍ॅपचे प्रकरण २०२३ मध्ये देशभर गाजले. सक्तवसुली संचालनालयाने तेव्हा म्हटले होते, की हे अ‍ॅप बेकायदा सट्ट्याच्या संकेतस्थळांना गिऱ्हाईक जोडून देई, त्यांना ओळख-क्रमांक देई आणि पैसे बेनामी बँक खात्यांच्या साखळीतून फिरवी. ५ नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने या अ‍ॅपसह २२ सट्टा अ‍ॅप व संकेतस्थळे बंद केली.

यातला ‘बेनामी खाती’ हा शब्द नीट वाचावा. खाते बेनामी म्हणजे त्याला नाव नसते असे नाही. नाव असते, पण दुसऱ्याचे असते. ते कोणाचे? थोड्या पैशांसाठी पासबुक, एटीएम कार्ड आणि सिमकार्ड दुसऱ्याच्या हाती देणाऱ्या तरुणाचे, किंवा ज्याच्या कागदपत्रांच्या छायाप्रती कोठून तरी बाहेर पडल्या आहेत त्याचे. ज्याने आयुष्यात पत्ता हाती धरला नाही, त्याच्या नावावर जुगाराचे पैसे फिरू शकतात. खाते गोठते त्याचे, आणि पोलिसांची नोटीस येते ती त्याच्याच घरी. मटक्याच्या काळात खेळणाऱ्याचेही नाव नोंदीत नव्हते. आता न खेळणाऱ्याचेही येऊ शकते.

कायदा मागून येतो

आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. त्याखाली २०११ मध्ये संवेदनशील माहितीची यादी झाली. पासवर्ड, आर्थिक तपशील, आरोग्य, बोटांचे ठसे यांसारख्या बाबी तीत आल्या. माणूस किती वेळ जुगार खेळतो, ही बाब तीत नव्हती. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा मंजूर झाला. आपली कोणती माहिती साठवली आहे हे विचारण्याचा, ती दुरुस्त करण्याचा आणि पुसून टाकायला लावण्याचा हक्क त्यात आहे. माहितीची राखण करण्यात कुचराई झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. नियम मात्र नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि मुख्य तरतुदींसाठी त्यांनी १८ महिन्यांची मुदत दिली. पन्नास लाखांहून कमी नोंदणीकृत वापरकर्ते नसलेल्या ऑनलाइन खेळांच्या कंपन्यांचा या नियमांत वेगळा उल्लेख आहे. खेळणारा तीन वर्षे फिरकला नाही तर त्याची माहिती पुसावी, असे त्यांना सांगितले आहे.

दरम्यान खेळाचेच चित्र पालटले. ऑनलाइन खेळांविषयीच्या केंद्राच्या कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. कौशल्याचा खेळ असो वा नशिबाचा, पैसे लावून खेळवल्या जाणाऱ्या सर्व ऑनलाइन खेळांवर या कायद्याने बंदी घातली. खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड, अशी शिक्षा आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. त्याच आठवड्यात मोठ्या कंपन्यांनी पैशांचे खेळ थांबवले. १९६७च्या निकालाने आखलेली कौशल्य आणि नशीब यांच्यातली रेघ ऑनलाइन खेळांपुरती या कायद्याने पुसली.

पण खेळ थांबला म्हणून नोंद पुसली जात नाही. करविषयक कायद्यांनुसार हिशेब काही वर्षे ठेवावेच लागतात. इतकी वर्षे साठलेले पॅन, खाते क्रमांक, ठावठिकाणे आणि हरण्याचे तपशील एका दिवसात नाहीसे होत नाहीत. कंपनीने धंदा बदलला किंवा विकला तर त्या वहीचे काय, हा प्रश्न उरतोच. आणि परदेशातून चालणाऱ्या बेकायदा संकेतस्थळांवर आपल्या कायद्याचा हात सहजी पोहोचत नाही. तिथे दिलेले आधारचे छायाचित्र परत मागण्याची सोयच नाही.

वर्गात काय करता येईल?

मटक्याची बिननावाची चिठ्ठी चांगली होती असे आम्हांला मुळीच म्हणायचे नाही. तिने कोणाचे नुकसान टाळले नाही. म्हणायचे आहे ते इतकेच, की पूर्वी खेळणाऱ्याचे नुकसान कोणालाच ठाऊक नसे. आज ते पैशापैशापर्यंत ठाऊक असते, पण ठाऊक असते ते ज्याचा त्यात फायदा आहे त्याला. घरच्यांना आणि शिक्षकांना त्यातले काहीच दिसत नाही. हरणारा माणूस सावध व्हावा म्हणूनही तीच नोंद वापरता आली असती. ती कशासाठी वापरायची हे खेळणाऱ्याने ठरवायचे की खेळवणाऱ्याने, हा खरा प्रश्न आहे.

लातूर आणि नांदेड ही शिकवणी वर्गांची गावे. सोळा-सतरा वर्षांची हजारो मुले इथे घरापासून दूर खोली घेऊन राहतात. पुष्कळांच्या फोनमधले सिमकार्ड आणि यूपीआयचे खाते वडिलांच्या नावाचे असते. २०२३च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांना खास संरक्षण दिले आहे. पालकांच्या पडताळलेल्या संमतीशिवाय त्यांची माहिती घ्यायची नाही, त्यांच्या वागण्यावर पाळत ठेवायची नाही, त्यांना हेरून जाहिराती दाखवायच्या नाहीत. पण मूल वडिलांच्या नावाने खेळले तर संगणकाला दिसतो तो पंचेचाळीस वर्षांचा खातेदार. मग हे संरक्षण लागूच होत नाही. वर त्या वडिलांच्या नावाने अशी वही तयार होते, जिच्यातला एकही डाव त्यांनी खेळलेला नाही. ही गोष्ट मुलांना भीती न घालता, सरळ समजावून सांगावी.

त्यासाठी दोन साधे उपक्रम सुचवतो.

पहिला गणिताच्या तासाला. चाळीस मुलांच्या वर्गात एका मुलाने मनात एक नाव धरावे आणि इतरांनी केवळ ‘हो-नाही’चे प्रश्न विचारून ते शोधावे. दोनचा सहावा घात ६४ असल्याने नीट निवडलेल्या सहा प्रश्नांत नाव सापडायला हवे. कोणते प्रश्न उरलेली मुले निम्मी करतात आणि कोणते वाया जातात, यावर चर्चा करावी. मग हेच प्रश्न आपल्या फोनमधली अ‍ॅप न विचारता कसे सोडवतात, ते मुलांनाच सांगू द्यावे.

दुसरा विज्ञानाच्या तासाला. मोठ्या मुलांनी घरच्या एखाद्या फोनमधल्या ‘सेटिंग’मध्ये जाऊन कोणत्या अ‍ॅपला ठावठिकाणा, संपर्कयादी, संदेश आणि कॅमेरा यांची परवानगी दिली आहे, याचा तक्ता करावा. प्रत्येक परवानगीपुढे ‘ही कशासाठी लागते?’ असा रकाना ठेवावा. ज्या रकान्यात उत्तर लिहिता येणार नाही, ती परवानगी घरच्या मोठ्या माणसांना विचारून बंद करावी. तक्त्यात कोणाचे नाव किंवा फोन क्रमांक लिहू नये. अ‍ॅपचे नाव आणि परवानगी एवढेच पुरे.